पुढच्यास ठेच, मागचा शहाणा?

वंशसंहाराच्या स्मृतिदिनी होणाऱ्या भाषणांचा शेवट ठरलेला असतो. विषय ऑशविट्झ असो की रवांडा, शेवटच्या दोन मिनिटांत वक्ता आवाज खाली आणतो आणि म्हणतो, हे सगळं आठवायचं ते पुन्हा घडू नये म्हणून. विसरलात तर पुन्हा भोगाल, हा त्यातला धाक. कल्पना मूळ जॉर्ज सांतायाना या तत्त्वज्ञाची, १९०५ सालची. आपल्याकडे ती कुणाकुणाच्या नावावर खपते. म्हणीत सांगायचं तर पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.

मी कायदा शिकवायचो तेव्हा हेच सांगायचो. १९४८च्या वंशसंहारविरोधी करारावरचा तास नेहमी याच वाक्यावर संपायचा. एका वर्षी एका मुलाने उत्तरपत्रिकेत लिहिलं, ‘कराराचा हेतू प्रतिबंध, फलित निबंध.’ आगाऊपणा म्हणून मी अर्धा गुण कापला. पुढे या विषयावर वाचत गेलो तसतसा तो अर्धा गुण मला टोचत राहिला.

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, नाहीतर खंडन म्हणजे नुसती कुरघोडी. तो असा: माणसं अज्ञानातून द्वेष करतात. जे वाचले त्यांनी बोललं पाहिजे, कारण त्यांच्या बोलण्याने अज्ञान फिटतं, परक्याचं दुःख आपलंसं होतं आणि पुढच्या खेपेला माणसं वेळेवर सावध होतात. थोडक्यात, साक्ष ही लस आहे; संग्रहालयं, स्मारकं, पाठ्यपुस्तकातले धडे आणि चित्रपट हे तिचे डोस. या मांडणीच्या चांगुलपणाबद्दल मला शंका नाही. ती १९९४च्या एप्रिलमध्ये नेऊन तपासावी, एवढंच म्हणणं आहे.

२२ एप्रिल १९९३ रोजी वॉशिंग्टनमध्ये ज्यूंच्या संहाराचं भव्य संग्रहालय उघडलं. अध्यक्ष क्लिंटन समोर होते. ऑशविट्झमधून वाचलेले लेखक एली वीझेल बोलता बोलता त्यांच्याकडे वळले आणि युगोस्लाव्हियातला रक्तपात थांबवण्यासाठी काहीतरी करा, असं भर सभेत म्हणाले. २१ मार्च १९९४ रोजी ‘शिंडलर्स लिस्ट’ला ऑस्कर मिळालं. त्यानंतर सतराव्या दिवशी, ७ एप्रिलला, रवांडात तुत्सी समाजाच्या लोकांची कत्तल सुरू झाली. २१ एप्रिलला, म्हणजे त्या संग्रहालयाला वर्ष पुरं व्हायच्या आदल्या दिवशी, सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ९१२ मंजूर केला. त्यात रवांडातली शांतिसेना कमी करून २७० माणसांवर आणायचं ठरलं. परिषदेच्या पंधरा सदस्यांत त्या वर्षी रवांडाही होता. ज्या सरकारच्या आशीर्वादाने कत्तल चालली होती त्याचाच प्रतिनिधी तिथे बसून होता. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. रवांडा सरकारचा आकडा दहा लाखांच्या वर जातो.

माहिती नव्हती असंही नाही. शांतिसेनेचे प्रमुख जनरल रोमिओ दालेर यांनी ११ जानेवारीलाच न्यूयॉर्कला कळवलं होतं की राजधानी किगालीत शस्त्रं लपवून ठेवली आहेत, तुत्सींच्या याद्या तयार होत आहेत. उत्तर आलं, छापे घालू नका, राष्ट्राध्यक्षांच्या कानावर घाला. कत्तल ऐन भरात असताना अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे प्रवक्ते ‘वंशसंहार’ हा शब्द उच्चारायला तयार नव्हते. फार तर ‘वंशसंहाराची कृत्यं’ इथवर ते आले. कारण उघड होतं. तो शब्द तोंडातून गेला की १९४८च्या कराराची आठवण लोक करून देणार आणि मग काहीतरी करावं लागणार. आता मला सांगा, याला विस्मरण म्हणायचं? ज्यूंचा संहार त्यांना इतका पक्का आठवत होता की त्या शब्दाचं वजन त्यांना तोळ्यामाशापर्यंत ठाऊक होतं. म्हणूनच ते तो शब्द गिळत होते.

यावर पूर्वपक्षाचं उत्तर तयार असतं: स्मरण वरवरचं होतं, डोस कमी पडला. या उत्तराची खुबी अशी की ते कधीच खोटं पडत नाही. कत्तल झाली नाही तर स्मरणाचा विजय, झाली तर स्मरण अपुरं. आमच्या गावचा भगत याच तर्कावर जगला. ताईत बांधून ताप उतरला तर ताईताचा गुण, नाही उतरला तर बांधणाऱ्याची भक्ती कच्ची.

पण स्मरण निरुपयोगी ठरलं, एवढाच माझा आक्षेप असता तर मी हा लेख लिहिला नसता. रवांडात हुतू मारेकऱ्यांनाही आठवणी होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्या होत्या.

शेजारच्या बुरुंडीत १९७२ साली तुत्सींच्या हाती असलेल्या सैन्याने लाखाच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त हुतूंना मारलं. वेचून मारलं: शिक्षक, कारकून, विद्यापीठातली मुलं, शिकलेला म्हणून जो दिसला तो. जगाने फारशी दखल घेतली नाही आणि मारणाऱ्यांना शिक्षा झाली नाही. १९९३च्या जूनमध्ये तिथे निवडणुकीने पहिला हुतू राष्ट्राध्यक्ष आला, मेल्शियोर न्दादाये. चार महिन्यांत, २१ ऑक्टोबरला, सैन्यातल्या बंडखोरांनी त्याला ठार केलं. लाखो हुतू सरहद्द ओलांडून रवांडात आले, छावण्यांत राहिले आणि आपण काय पाहिलं ते सांगत राहिले. साक्षच होती ती. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये किगालीत आरटीएलएम हे नवं रेडिओ केंद्र सुरू झालं होतं. चटपटीत, गाणीबिणी लावणारं, तरुणांच्या भाषेत बोलणारं. त्या केंद्राने पुढे काय केलं? आठवण करून दिली. बुरुंडीत काय झालं, जुन्या राजवटीत तुत्सी मालकांसाठी हुतूंना कसं राबावं लागे, १९५९च्या उठावाने ते जोखड कसं फेकलं गेलं, आणि तुत्सी बंडखोर जिंकले तर ते पुन्हा मानेवर कसं बसेल. विसरू नका आणि पुन्हा घडू देऊ नका, असाच त्या प्रचाराचा सूर होता. आपल्या व्याख्यात्याच्या शेवटच्या वाक्यात आणि त्या निवेदकाच्या वाक्यात व्याकरणाचा काही फरक मला दिसत नाही. एप्रिलमध्ये ज्यांनी कोयते हातात घेतले त्यांत बुरुंडीहून आलेले काही निर्वासितही होते.

युरोपातही वेगळं घडलं नाही. तुर्कांशी झालेल्या कोसोव्होच्या १३८९च्या लढाईची सहाशे वर्षं सर्बियाच्या मिलोशेविचने २८ जून १९८९ रोजी लाखोंची सभा भरवून साजरी केली. दुसऱ्या महायुद्धात क्रोएशियातल्या उस्ताशांनी यासेनोव्हात्सच्या छावणीत हजारो सर्बांना मारलं होतं, ती जखम तर पन्नास वर्षांपूर्वीचीच होती आणि खरीच होती. ११ जुलै १९९५ला स्रेब्रेनित्सात शिरलेला सर्ब सेनापती राट्को म्लादिच कॅमेऱ्यासमोर तुर्कांचा सूड घ्यायची वेळ आल्याचं बोलला. तुर्कांची सत्ता तिथून जाऊन शंभरावर वर्षं लोटली होती. गावात होते ते बोस्नियातले मुसलमान. पुढच्या काही दिवसांत त्यांच्यातले आठ हजार पुरुष आणि मुलगे मारले गेले. ठेच लागलेला माणूस दर वेळी शहाणा होतोच असं नाही. पुष्कळदा तो दगड शोधत फिरतो.

आणि मागून येऊन खरोखर शहाणा होतो तो कोण, हेही पाहू. १९४२पासून नाझींनी पॉल ब्लोबेल या अधिकाऱ्याच्या हाताखाली खास पथकं नेमली. कैद्यांकडून जुने खड्डे उकरून घ्यायचे, प्रेतं जाळायची, उरलेली हाडं दळायची आणि काम झालं की त्या कैद्यांनाही मारायचं. स्रेब्रेनित्साच्या कत्तलीनंतर महिन्याभरात अमेरिकेने सामूहिक थडग्यांची आकाशातून काढलेली छायाचित्रं सुरक्षा परिषदेत दाखवली. त्यानंतरच्या दोन महिन्यांत मारेकऱ्यांनी माती उकरणारी यंत्रं लावून ती थडगी फोडली आणि प्रेतं ट्रकमध्ये घालून लांब नेऊन पुरली. यंत्राच्या दातांनी देह तुटले. पुढे एकाच माणसाची हाडं वेगवेगळ्या खड्ड्यांत सापडू लागली, आणि आयाबहिणींनी दिलेल्या रक्ताच्या थेंबांवरून ती जुळवावी लागली. अशा रीतीने आजवर जवळपास सात हजार जणांची ओळख पटली आहे. इतिहासातून धडा घेणारा विद्यार्थी बघायचा असेल तर तो हा. मागच्या मारेकऱ्यांची चूक त्याने नेमकी हेरली होती: त्यांनी पुरावा मागे ठेवला.

साक्षीची किंमत मारेकऱ्याला आपल्याहून जास्त कळते. आपण तिला लस समजतो, तो तिला पुरावा समजतो. या एका बाबतीत त्याचं बरोबर आहे.

मग जर्मनीचं काय, असं कुणी विचारेल, आणि विचारावंच. जर्मन माणसाने आपल्या बापजाद्यांचं पाप शाळेत शिकलं, चॅन्सलर विली ब्रांट १९७०च्या डिसेंबरमध्ये वॉर्सात गुडघ्यांवर बसले, हे स्मरणाचं यश नव्हे का? आहे. पण क्रम पाहा. युद्धानंतरची पंधराएक वर्षं जर्मनी बऱ्यापैकी गप्पच होती. ही चुप्पी मोडायला फ्रिट्झ बाउअर या सरकारी वकिलाचा मोठा हात लागला. स्वतः ज्यू, १९३३ सालीच छळछावणीत जाऊन आलेला. १९६३ ते १९६५ त्याने फ्रांकफुर्टमध्ये ऑशविट्झच्या रखवालदारांवर खटला चालवला, वाचलेल्या दोनेकशे माणसांना पिंजऱ्यात उभं करून बोलतं केलं. घरोघरी पेपरात ते छापून आलं. कायदा मात्र साध्या खुनाचा होता, त्यामुळे कुणी नेमकं कुणाला मारलं ते सिद्ध करत बसावं लागलं आणि अनेक जण काही वर्षांच्या शिक्षेवर सुटले. तरीही जर्मनीचं स्मरण उभं राहिलं त्याच्या पायात हा खटला आहे. आधी साक्ष, मग निकाल, मग स्मारक. आपण फक्त शेवटची पायरी उचलून आणली.

इथे गैरसमज नको. जुनं उकरू नका, झालं गेलं गंगेला मिळालं, असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसलेलो नाही. विस्मरण काय करतं त्याचा नमुना आपल्याच तोंडात आहे. ‘शिरकाण’ हा शब्द. त्याची व्युत्पत्ती शिर्के घराण्याच्या कत्तलीशी जोडली जाते. आज गोलंदाजाने थोड्या धावांत बऱ्याच विकेटी घेतल्या की त्याने शिरकाण केलं असं आपण खुशाल लिहितो. शब्द उरला, कोण मेलं, कुणी मारलं, का मारलं, ते सांगणारं कुणी उरलं नाही. विसरण्याने जखम भरते हे मला पटत नाही. मारणाऱ्याचं नाव मात्र नक्की पुसलं जातं.

तर मग साक्षीचं काम काय? वॉर्साच्या घेट्टोत इमॅन्युएल रिंगेलब्लूम या इतिहासकाराने १९४०च्या नोव्हेंबरपासून साठेक माणसं गोळा केली. शनिवारी भेटायचे म्हणून गटाचं नाव ‘ओनेग शब्बात’, शब्बाथचा आनंद. त्यांनी घेट्टोत जे हाताला लागलं ते साठवलं. मुलाखती, मृत्यूंच्या नोंदी, शाळकरी मुलांचे निबंध, त्याबरोबर ट्रामची तिकिटं आणि गोळ्याचॉकलेटांची वेष्टनंसुद्धा. जग या वेष्टनांनी हेलावेल असा त्यांचा हिशेब होता असं मला वाटत नाही. इथे माणसं राहत होती, ट्रामने जात होती, पोरं गोळ्या खात होती, हे कुणी नाकारू नये, एवढ्याचसाठी हा पुरावा. पत्र्याचे डबे आणि दुधाची कॅन यांत भरून तो जमिनीत पुरला. डबे १९४६ला सापडले, कॅन १९५०ला. तिसरा साठा अजून सापडलेला नाही. साठांपैकी तिघं वाचली. या गटाच्या माहितीच्या आधारे १९४२च्या जूनमध्ये बीबीसीने बातमी दिली होती. पुढच्याच महिन्यात त्याच घेट्टोतून ट्रेब्लिंकाला गाड्या सुटू लागल्या. प्रतिबंध हीच साक्षीची कसोटी मानली तर ते डबे वाया गेले असं म्हणावं लागेल. तसं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

याहून जवळून पाहायचं तर अरुशाला जाऊ. रवांडासाठीचं आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण टांझानियातल्या या शहरात होतं. १९९७च्या जानेवारीत तिथे जाँ-पॉल अकायेसू याच्यावर खटला सुरू झाला. हा ताबा नावाच्या भागाचा प्रमुख, मुळात शाळामास्तर. (अज्ञानाच्या सिद्धान्ताला हेही एक उत्तर.) आरोपपत्रात खून होते, छळ होता, बलात्काराचा आरोप नव्हता. तपास करणाऱ्यांनी तो धागा धरलाच नव्हता. एक तुत्सी बाई साक्षीला आली. न्यायालयाच्या दफ्तरात तिचं नाव फक्त एक अक्षर. मारेकरी तिच्या वडिलांना मारायला आले तेव्हाचं सांगताना तिने सांगितलं की तिघांनी तिच्या सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार केला. पीठावर तिघं होते, त्यांत डर्बनच्या तमिळ कुटुंबातल्या नवनीतम पिल्लै या एकट्या स्त्री. पीठाने आणखी विचारलं तेव्हा ती म्हणाली, प्रमुखाच्या कचेरीतही मुलींवर बलात्कार झाल्याचं ऐकलं आहे. पुढे आणखी एक बाई आली. तिच्यावर ज्वारीच्या शेतात बलात्कार झाला होता, आणि कचेरीच्या आवाराबाहेर इतर बायकांवर होताना तिने पाहिला होता. जूनमध्ये आरोपपत्र दुरुस्त झालं. २ सप्टेंबर १९९८ला निकाल लागला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एखाद्याला वंशसंहारासाठी दोषी ठरवण्याची ही पहिली वेळ, आणि बलात्कार हेही वंशसंहाराचं साधन असू शकतं, हेही प्रथमच तिथे ठरलं.

त्या बाईने भविष्य वाचवलं का? मला माहीत नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षा करणं मला क्रूर वाटतं. तिने एका माणसाचं कृत्य त्याच्या नावावर चढवलं. कायद्यात जे नव्हतं ते तिच्या बोलण्याने आलं. प्रचलित मताचा सगळ्यात वाईट भाग हाच की ते जगाच्या सुधारणेची हमी साक्षीदाराकडून मागतं. उद्या कुठे कत्तल झाली की तिचं बोलणं फुकट गेलं, असा त्याचा हिशेब. आधी लेकीवरचा अत्याचार सोसला, वर मानवजातीचं प्रगतिपुस्तकही तिच्याच गळ्यात.

न्यायालयं म्हणजे देवळं नव्हेत, हेही मान्य. याच अरुशात २००१ साली बलात्कारपीडितेची उलटतपासणी चालू असताना न्यायाधीश हसले होते. आपण वकिलाच्या प्रश्नांना हसलो, असा खुलासा पुढे झाला. रवांडातल्या गवतावर भरणाऱ्या गाचाचा पंचायतींनी २०१२पर्यंत जवळजवळ वीस लाख खटले उरकले, त्यांत घाई होती, जुन्या भांडणांचे हिशेबही चुकते केले गेले. पण तिथेही सर्वांत जास्त नुकसान झालं ते स्मरणाची मालकी सरकारकडे गेल्यावर. किझितो मिहिगो हा गायक स्वतः त्या संहारातून वाचलेला तुत्सी, स्मृतिदिनाच्या सरकारी कार्यक्रमांत गाणारा. २०१४ साली त्याने एका गाण्यात, ज्यांच्या मृत्यूला वंशसंहार म्हणत नाहीत अशा मेलेल्यांचीही आठवण काढली. महिन्याभरात अटक, पुढे दहा वर्षांची शिक्षा, मग माफी, पुन्हा अटक, आणि १७ फेब्रुवारी २०२० रोजी पोलिस कोठडीत मृत्यू. पोलिस म्हणतात आत्महत्या. ‘पुन्हा कधीही नाही’ म्हणणाऱ्या याच राज्याच्या सैन्याने १९९६-९७मध्ये काँगोत हुतू निर्वासितांचं काय केलं, ते संयुक्त राष्ट्रांच्या २०१० सालच्या अहवालात आहे.

आता आपल्या घरचं. १९४६ साली वंशसंहार हा आंतरराष्ट्रीय गुन्हा मानावा, असा ठराव संयुक्त राष्ट्रांत तीन देशांनी मांडला: क्युबा, पनामा आणि भारत. आपल्या शिष्टमंडळाच्या नेत्या होत्या विजयालक्ष्मी पंडित. स्वातंत्र्य अजून मिळायचं होतं. भारताने १९४८च्या करारावर सही केली आणि १९५९ला त्याला मान्यताही दिली. मग दिल्ली, १९८४. सरकारी आकड्यानुसार तिथे २,७३३ शीख मारले गेले. नवरा आणि मुलगा गमावलेली एक बाई चौतीस वर्षं आपल्या म्हणण्यावर ठाम राहिली. आयोग आले, समित्या आल्या, कनिष्ठ न्यायालयाने मुख्य आरोपीला सोडलंही. १७ डिसेंबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तिच्यासह मोजक्या साक्षीदारांच्या बळावर त्याच आरोपीला, एका माजी खासदाराला, जन्मठेप दिली. त्याच निकालपत्रात न्यायालयाने फाळणीपासूनच्या सामूहिक हत्यांची यादी दिली, त्यात १९९३ची मुंबईही आहे. मुंबईच्या त्या दंगलींत ९०० माणसं मेल्याचं न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलं. तो आयोग मध्येच गुंडाळला गेला होता, चार महिन्यांनी पुन्हा नेमावा लागला. त्याच्यासमोर साक्ष द्यायला माणसं आली नाहीत, असं कुणी म्हणू शकणार नाही. त्या साक्षींचं पुढे काय झालं, हे मुंबईकराला सांगायला नको.

दिल्लीच्या निकालाने आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली: मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार हे भारताच्या फौजदारी कायद्यात गुन्हे म्हणून नाहीत, आणि ही फट तातडीने बुजवली पाहिजे. त्यानंतर दंडसंहिता अख्खी नव्याने लिहिली गेली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात झुंडीने केलेल्या हत्येचं कलम आहे. वंशसंहाराचं नाही.